भोर-वेल्ह्यात समुपदेशन शिकताना: नव्या समुपदेशकाने काय लक्षात ठेवावे?

मानसशास्त्रात एम.ए. झाले की समुपदेशक झालो, असा अनेकांचा समज असतो. पदवीने विषय कळतो. समोरच्याचे ऐकायचे कसे, हे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करूनच येते. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या डोंगराळ तालुक्यांत हे विशेष महत्त्वाचे आहे. दूरच्या वाडीवरून दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाचे पहिल्या भेटीत नीट ऐकले गेले नाही, तर तो पुन्हा येईलच असे नाही.

आपली मर्यादा ओळखा

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यताप्राप्त पात्रता आणि नोंदणी लागते. परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. औषधे देणे हे डॉक्टरांचे काम. आपण अजून शिकत आहोत आणि आपल्या कामावर ज्येष्ठांची देखरेख आहे, हे प्रशिक्षणार्थीने पहिल्याच भेटीत सांगावे.

सुपरव्हिजन नियमित घ्या

तालुक्यात मार्गदर्शक नसेल तर पुण्यातील ज्येष्ठांशी ठरावीक वारी फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलावे. नाव-गाव न सांगता चर्चा करावी. केवळ 'त्या काय म्हणाल्या' एवढेच नको. 'मी काय म्हणालो, कुठे अडलो, कशाचा राग आला' हेही मांडावे. शिकणे तिथेच होते.

लोकांची भाषा शिका

'मला नैराश्य आहे' असे क्वचितच कोणी म्हणते. 'करमत नाही', 'डोकं भणभणतं', 'छातीत धडधडतं' किंवा 'बाहेरचं झालंय' असे शब्द येतात. ते लगेच आजाराच्या नावात बसवू नयेत. हे कधी सुरू झाले, झोप-भूक कशी आहे, घरात काय चालले आहे, हे विचारावे. देवऋषीकडे जाऊन आलेल्याची चेष्टा केली, तर पुढचे बोलणे थांबते. शारीरिक तक्रारींसाठी डॉक्टरांची तपासणीही सुचवावी.

गोपनीयता कशी राखावी?

लहान गावात समुपदेशक आणि रुग्ण बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नात भेटतातच. तिथे ओळख दाखवायची की नाही, हे आधीच ठरवून घ्यावे. आशा सेविकेने किंवा सासूने आपुलकीने विचारले, तरी परवानगीशिवाय माहिती देऊ नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देतो. मात्र जिवाला धोका असल्यास अपवाद आहे, आणि बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. या मर्यादा सुरुवातीलाच समजावून सांगाव्यात.

जिवाला धोका वाटला तर

'जीव द्यावासा वाटतो का?' असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. धोका असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशक आणि तणनाशक कुलपात किंवा घराबाहेर ठेवण्याविषयी कुटुंबाशी बोलावे, त्याच दिवशी मार्गदर्शकाला कळवावे आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात पाठवावे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास सुरू असतो.

असा रुग्ण दुसऱ्याकडे सोपवणे म्हणजे अपयश नव्हे. कोणाला, कधी आणि कुठे पाठवायचे हे ओळखणे हीच या व्यवसायातली पहिली मोठी शिकवण आहे.