बिनमिठाचा भात
(नभोवाणीवरील भाषण)



कारवारहून कद्र्याच्या वाटेने जोयड्याकडे जाणारा रस्ता अणशीच्या घाटात शिरला, की भर दुपारी सावली गडद होते. आज हे रान काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते. रानातल्या वाड्यांतून कुणबी समाजाची जुनी वस्ती आहे. आपले पूर्वज फिरंग्यांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून घाट चढून आले, असे त्यांच्यातील वडीलधारी माणसे सांगतात. अणशीच्या अशाच एका घरी मी बसलो होतो. माझे नाव ऐकून तिथली आजी हसत म्हणाली, "म्हणजे मास्तर, आम्हांला पळवून लावणारे ते तुम्हीच की!"

ती थट्टाच होती. पण त्या 'तुम्ही'चे उत्तर मला तेथे देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

गोव्यात धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० साली स्थापन झाली. जुन्या गोव्यात आदिलशहाचा जो वाडा होता, त्यातच तिचे न्यायासन मांडले गेले. लोक त्या वास्तूला 'थोरले घर' म्हणत आणि तिच्यासमोरून जाताना आवाज खाली घेत. १७७४ साली ही सभा बंद झाली, १७७८ साली पुन्हा उघडली आणि १८१२ साली कायमची मिटली. म्हणजे अडीचशे वर्षे! आम्हां ख्रिस्ती मंडळींना अवघड वाटणारी गोष्ट याच्याही आधीची आहे. ही सभा हिंदुस्थानात पाठवावी अशी विनंती पोर्तुगालच्या राजाला १५४६ साली अंबोणाहून पत्राने ज्यांनी केली, ते संत फ्रान्सिस झेवियर. १५५२ साली ते वारले. सभा आली ती त्यांच्यामागून आठ वर्षांनी. ज्यांच्या देहदर्शनाला दर दहा वर्षांनी आम्ही लाखांनी जमतो, ते हेच 'गोंयचो सायब'. महारोग्यांची सेवा करणारा, अनवाणी हिंडणारा हा पुरुष त्या पत्राचाही लेखक होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि वर्गात मी दोन्ही सांगतो. एकच सांगितली तर दुसरी मुलांना बाहेरचा कोणीतरी सांगतो, आणि तो ती प्रेमाने सांगत नाही.

या सभेचा जाच केवळ हिंदूंना झाला, असा एक सर्वसाधारण समज आहे. हिंदूंना तो झालाच. त्यांची देवळे तर सभा येण्यापूर्वीच पाडली जाऊ लागली होती. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, ती याच धामधुमीत. परंतु सभेचा मुख्य अधिकार चालत असे तो बाप्तिस्मा घेतलेल्यांवर. ज्याने कालपरवा बाप्तिस्मा घेतला, तो मनातून खरोखर ख्रिस्ती झाला आहे काय, हा संशय म्हणजे त्या घराचा पाया होता. आणि संशयाला पुरावा किती लागतो, हे आपण जाणताच.

गार्सिया द ओर्ता या वैद्याचे उदाहरण घ्या. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याची ऊठबस होती. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला आणि युरोपभर नावाजला गेला. त्याचे घराणे मूळचे ज्यू. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आले. १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. मेलेल्या माणसाच्या हाडांवर खटला चालवणारी श्रद्धा किती घाबरलेली असली पाहिजे!

गाब्रिएल देलों हा फ्रेंच वैद्य तर कॅथलिकच. काही बोलण्यावरून १६७३ साली त्याला दमणला पकडले आणि गोव्याच्या कोठडीत टाकले. सुटून गेल्यावर १६८७ साली त्याने आपली हकीकत प्रसिद्ध केली. दुसऱ्याच वर्षी तिचे इंग्रजी भाषांतर झाले आणि युरोपातील प्रॉटेस्टंटांनी ते कॅथलिकांविरुद्ध शस्त्रासारखे वापरले. एका अतिरेकाची हकीकत दुसऱ्या वैराला सरपण म्हणून कशी उपयोगी पडते, ते यावरून दिसावे.

१७३६ सालचा सभेचा जाहीरनामा वाचला, की मला ओर्ताच्या हाडांपेक्षाही अधिक बेचैन व्हायला होते. त्यात चिता नाही, स्वयंपाकघर आहे. ख्रिस्ती माणसाने अंगणात तुळस लावू नये. लग्नात विडे वाटू नयेत, नेहमीची गाणी म्हणू नयेत. पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. आणि हिंदूंच्या रीतीप्रमाणे भात बिनमिठाचा शिजवू नये! भातात मीठ कधी घातले, यावरून शेजारणीने शेजारणीची चहाडी करावी, अशी ती व्यवस्था होती. त्याच्याही आधी, १६८४ साली, व्हाइसरॉय काउंट द आल्व्होर याने हुकूम काढला होता, की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. त्याच गोव्यात १६१६ साली, रायतूर येथे, फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण छापले होते. सत्तर वर्षांच्या आत दार उघडले आणि मिटलेही.

मग याला कोणी तोंड दिले? पहिले उत्तर पायांनी दिले गेले. हजारो ख्रिस्ती कुटुंबे गोवा सोडून कानड्यात उतरली. दुष्काळ, कर आणि लढायांनीही त्यांना हाकलले, हे सांगितले पाहिजे. पण सभेची धास्ती त्या गाठोड्यात होतीच. मंगळूरकडील ख्रिस्ती घरांत आजही लग्नाआधी नारळाच्या रसाने वधूवरांना न्हाऊ घालतात. थोरल्या घरापासून दूर गेल्यामुळे ही चाल टिकली असावी, असे मला वाटते. तेव्हा आजी, पळालेल्यांत आम्हीही होतो.

दुसरे उत्तर एका माणसाने दिले. जुझे व्हाज हे बाणावलीत १६५१ साली जन्मले. १६८१ साली त्यांना कानड्यात पाठवण्यात आले. तेथे त्या वेळी पोर्तुगालच्या राजाचा अधिकार मानणारे पाद्री आणि रोमने नेमलेले बिशप थॉमस द कास्त्रो यांच्यात तेढ होती. बिशपही गोव्याचेच. एका पक्षाने दिलेले संस्कार दुसरा पक्ष खोटे ठरवी, आणि बिचारा शेतकरी आपले लग्न खरे की खोटे या विवंचनेत असे. व्हाजांनी पालखी नाकारली, पायी हिंडले, बिशपांशी समेटाची बोलणी केली.

पुढे ते सिलोनला गेले. तेथे डच प्रॉटेस्टंटांचे राज्य होते आणि कॅथलिक पाद्र्यांना बंदी होती, म्हणून ते मजुराच्या वेषात शिरले. गोव्यात कॅथलिक सभा माणसे छळत होती, समुद्रापलीकडे कॅथलिक छळले जात होते. त्यांना अखेर आसरा दिला तो कँडीच्या बौद्ध राजाने, विमलधर्मसूर्याने. आधी त्यानेही हेर समजून तुरुंगात घातले होते. पण १६९७ साली देवीची साथ आली, तेव्हा लोक आपली आजारी माणसे टाकून पळाले आणि हा गोमंतकी पाद्री त्यांची सेवा करीत राहिला. कोणाचा धर्म कोणता, हे त्याने विचारले नाही. त्यांच्यामागून गेलेले दिवाडीचे जाकोम गोन्साल्व्हिस यांनी सिंहली भाषेत ग्रंथ लिहिले. ज्यांच्या स्वतःच्या भाषेला तीन वर्षांची मुदत मिळाली होती, त्यांनी परक्या भाषेला मान दिला! अर्थात या मंडळींचा गोव्यातील ओरेटरी संघ केवळ ब्राह्मण कुळातील पाद्र्यांनाच घेत असे, हेही झाकून ठेवता येत नाही. व्हाजांना २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत संत म्हणून घोषित केले.

तिसरे उत्तर कागदाचे. सभा मिटल्यावर तिचे बहुतेक दप्तर जाळले गेले. मात्र सभेच्याच एका अधिकाऱ्याने केलेली ३,८०० खटल्यांची सूची लिस्बनला शिल्लक आहे. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आणि ख्रिस्तपुराणाचा गौरव करणाऱ्यांतही तेच होते. चर्चनेही १९६५ साली व्हॅटिकन परिषदेत धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क मानला. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, सत्याच्या नावाने वापरलेल्या अन्याय्य मार्गांबद्दल, जाहीर प्रार्थनेत क्षमा मागितली.

तरीही शेजाऱ्याच्या घरचा मोदक खाणे पाप आहे, असे सांगणारे प्रवचनकार आमच्यात अजून निघतात. मुले मला येऊन विचारतात. मी त्यांच्यापुढे १७३६ चा जाहीरनामा ठेवतो आणि तुळस, विडा, चोळी, भात ही कलमे मोठ्याने वाचायला लावतो. भाताच्या कलमाशी वर्ग हसतो. मग कोणीतरी मोदकाचे नाव काढतो, आणि हसू थांबते.

त्या दिवशी अणशीत आजीने जेवायला थांबवले. भात बिनमिठाचाच शिजवलेला होता. पानाच्या कडेला मीठ वाढून ती म्हणाली, "हवे तेवढे घ्या, मास्तर."