मेळघाटच्या उंबरठ्यावरचे निर्वचन केंद्र

तेल्हाऱ्याच्या उत्तरेला कपाशी-तुरीची शेते संपतात तेथे सातपुड्याची गाविलगड रांग आडवी उभी आहे. अकोला जिल्ह्याच्या या भागातील माणसाला हा डोंगर रोज दिसतो. पण त्यात काय आहे, हे सांगणारी जागा मात्र डोंगराला बराच वळसा घालून गाठावी लागते. ही जागा म्हणजे सेमाडोह येथील निसर्ग निर्वचन केंद्र. अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असे करीत घटांगच्या घाटाने धारणीच्या रस्त्याला लागले की सिपना नदीच्या काठी सेमाडोहचे पर्यटन संकुल येते. मेळघाटात येणारे बहुतेक पर्यटक या केंद्राकडे सफारीच्या दोन फेऱ्यांमधला वेळ घालविण्याचे ठिकाण म्हणून पाहतात. वास्तविक त्याचा क्रम पहिला असायला हवा.

'निर्वचन' हा शब्द पर्यटकाला अवघड वाटतो. यास्काच्या परंपरेत निर्वचन म्हणजे शब्द फोडून त्याचा मूळ अर्थ दाखविणे. वनखात्याने तो जंगलासाठी योजला, आणि तो सरकारी परिभाषेतील अनेक शब्दांपेक्षा चपखल आहे, हे मान्य करावे लागेल. वाटसरूला जंगल हिरव्या भिंतीसारखे एकसंध दिसते. ते फोडून त्यातील झाड, माती, पाणी, प्राणी आणि माणूस वेगवेगळे दाखवायचे, हे या केंद्राचे काम.

अशा केंद्रांची कल्पना आपल्याकडे बाहेरून आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९५६ साली दहा वर्षांचा एक मोठा बांधकाम कार्यक्रम हाती घेतला. युद्धानंतर मोटारी वाढल्या होत्या, उद्यानांत गर्दी मावेना; तेव्हा प्रवेशाजवळच एक इमारत उभारून तेथे नकाशे, प्रदर्शन आणि माहिती देणारे कर्मचारी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पुढच्याच वर्षी फ्रीमन टिल्डन यांचे या विषयावरील पुस्तक निघाले. नुसती माहिती सांगणे म्हणजे निर्वचन नव्हे, ही त्यांची भूमिका आजही या क्षेत्रात प्रमाण मानली जाते. भारतात १९८०च्या दशकात कान्हा येथे अहमदाबादच्या पर्यावरण शिक्षण केंद्राच्या मदतीने या धर्तीवर विचारपूर्वक काम झाले. इतर व्याघ्र प्रकल्पांतही अशी केंद्रे झाली; त्यांचा दर्जा मात्र सारखा नाही. कोठे फलकांवरचा रंग उडालेला, तर कोठे चित्रफितीचा पडदा बंद, असे अनुभव पर्यटकांना नवे नाहीत.

मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आणि महाराष्ट्रातील पहिला. त्याची घोषणा फेब्रुवारी १९७४ मधली. आज गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि मेळघाट, वान, अंबाबरवा, नरनाळा ही अभयारण्ये त्यात मोडतात. गाभा क्षेत्र सुमारे १,५०० चौरस किलोमीटर आहे आणि त्याभोवती त्याहून काहीसे कमी बफर क्षेत्र आहे. वैराटचे शिखर १,१७८ मीटर उंच आहे. हे आकडे कोणत्याही फलकावर मिळतात. नकाशासमोर उभे राहून पाहायचे ते वेगळेच.

गाविलगड रांगेचा माथा हा एक जलविभाजक आहे. त्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस सिपना, गडगा, खंडू, खापरा या नद्यांतून थेट तापीला मिळतो. दक्षिण उताराचे पाणी वान, शहानूर, चंद्रभागा अशा नद्यांतून पूर्णेत उतरते आणि पूर्णा पुढे चांगदेवजवळ तापीलाच मिळते. डोंगराच्या दोन बाजूंनी निघालेले पाणी शेवटी एकाच नदीत एकत्र येते. सेमाडोहचा पर्यटक ज्या सिपनेच्या काठी उभा असतो ती नदी तेल्हाऱ्याकडे येत नाही. तेल्हाऱ्याच्या वाट्याला येते ती वान.

आणि वान येते म्हणून तेल्हारा तालुक्यात गोडे पाणी आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. तेथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिण्याजोगे नसते, पिकाला दिले तर जमीन चिबडते. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या गावांतून वर्षानुवर्षे येत आहेत. वारी भैरवगड येथे वान नदीवर झालेले धरण, म्हणजे हनुमान सागर, हाच मोठ्या परिसराचा आधार झाला आहे. अकोट-तेल्हारा भागातील ८४ खेडी योजनेचे पाणी तेथून येते. बाळापूर तालुक्यातील ६९ गावांना हेच पाणी द्यावे की नाही, यावरून वाद पेटला. आमच्या सिंचनाचे काय, असे तेल्हाऱ्याचे शेतकरी विचारू लागले. एप्रिल २०२३ मध्ये खारे पाणी घेऊन अकोल्याहून नागपूरच्या दिशेने पदयात्रा निघाली. दोन्ही बाजूंचे म्हणणे खोटे नव्हते. या वादात धरणाच्या भिंतीची, जलवाहिनीची आणि दलघमीची चर्चा पुष्कळ झाली. धरणाच्या वरचे जंगल मात्र चर्चेत फारसे आले नाही. काळ्या पाषाणाच्या उतारावर सागाची पाने कुजून जो थर होतो तो पाऊस अडवतो, जिरवतो, माती धरून ठेवतो. उतार उघडा पडला तर तीच माती जलाशयाच्या तळाशी जाऊन बसेल. वान अभयारण्य वाघासाठी राखले आहे, असे म्हणणारा अर्धेच सांगतो.

निर्वचन केंद्रांमधून वाघाच्या पाऊलखुणेचा प्लॅस्टरचा ठसा हमखास ठेवलेला असतो. मुले त्यावर तळहात ठेवून पाहतात. हा ठसा आज इतिहासाचा पुरावा आहे. ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६०च्या दशकात पाऊलखुणांवरून वाघ मोजण्याची रीत बसविली आणि पुढे कित्येक वर्षे देशाची व्याघ्रगणना तिच्यावर चालली. एकाच वाघाचे ठसे मातीनुसार बदलतात, आणि एकच वाघ दोनदा मोजला जाऊ शकतो. राजस्थानातील सरिस्कामध्ये कागदावर वाघ असताना जंगलात एकही उरला नसल्याचे २००५ साली उघड झाले, तेव्हा ही रीत सोडावी लागली. २००६ पासूनच्या गणनेत स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखतात. प्रत्येकाचे पट्टे निराळे असतात. त्या वर्षी देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला. आधीच्या आकड्यांपेक्षा तो फार कमी होता आणि म्हणूनच अधिक खरा होता.

वाघ दिसला नाही की सफारी फुकट गेली, असे मानणाऱ्या पर्यटकाने रानपिंगळ्याची माहिती शोधून वाचावी. हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी १८७३ मध्ये विज्ञानाला माहीत झाला आणि १८८४ नंतर शंभरावर वर्षे कोणाला खात्रीने दिसला नाही. मधल्या काळातला एक नमुना १९१४ सालचा म्हणून नोंदला गेला होता. तो ब्रिटिश संग्राहक मेनर्ट्झहॅगन यांनी जुना नमुना नव्या चिठ्ठीने खपविल्याचा प्रकार निघाला. ही लबाडी उघड करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनीच १९९७ साली सहकाऱ्यांसह खानदेशात शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा शोधला. पुढे तो मेळघाटातही आढळला. इतर पिंगळ्यांच्या उलट तो दिवसाही शिकार करतो. सकाळच्या उन्हात निष्पर्ण फांदीवर बसलेला दिसू शकतो. अर्थात गाडी थांबवून, आवाज न करता पाहणाऱ्यालाच.

पर्यटकाने अशा केंद्रात आणखी एक गोष्ट शोधावी, आणि ती सहसा थोडीच सापडते. ती म्हणजे या डोंगरातली माणसे. मेळघाट हा मुख्यतः कोरकूंचा प्रदेश. त्यांची भाषा मुंडा कुळातील, म्हणजे झारखंडच्या संथाळीची दूरची बहीण, आणि त्या कुळाचे सर्वांत पश्चिमेकडचे टोक. तेल्हाऱ्याच्या पश्चिमेला, बुलढाणा जिल्ह्यातील जामोद परिसरात निहाली बोलली जाते. तिचे नाते तर जगातील कोणत्याच भाषाकुळाशी निश्चित जुळलेले नाही. प्रदर्शनात मात्र कोरकू येतो तो बहुधा नृत्याच्या पोशाखात, होळीच्या चित्रात.

वाघाला निर्वेध जागा हवी म्हणून गाभ्यातील गावे बाहेर काढण्याचे काम २००१ नंतर बोरी, कोहा, कुंड या गावांपासून सुरू झाले. २००८ पासून केंद्राच्या योजनेत कुटुंबामागे दहा लाख रुपयांची तरतूद झाली. दक्षिण भागातील अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, केलपाणी आणि दोन्ही सोमठाणा ही गावे डोंगर उतरून अकोट व तेल्हारा तालुक्यांत आली. मोकळ्या झालेल्या गावठाणांवर आणि शेतांवर गवत वाढले, तेथे सांबर-गवे चरू लागले. हे संवर्धनाचे यश आहे आणि ते नाकारता येत नाही. पण खाली आलेल्या अनेक कुटुंबांची जमीन आणि रोजगाराची तक्रार राहिली. जानेवारी २०१९ मध्ये त्यांपैकी काही जण आपल्या जुन्या गावांकडे परत गेले. त्यांची वनकर्मचारी व पोलिसांशी चकमक झाली, दोन्हीकडचे लोक जखमी झाले. तेल्हाऱ्याच्या बाजारात भेटणारा एखादा कोरकू शेतमजूर हा याच गवताळ गावठाणाचा जुना रहिवासी असू शकतो. धारगडच्या महादेवाला श्रावणातील तिसऱ्या सोमवारी जाणाऱ्या हजारो भाविकांना रिकामे गाव आजही वाटेत लागते.

मराठीत या जंगलाचे निर्वचन ज्यांनी सर्वाधिक केले त्या मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून मेळघाटात काम केले होते. पक्ष्यांची आणि झाडांची नावे त्यांनी आदिवासींकडून गोळा केली आणि कोशांत लावली. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुस्तकी नावाशेजारी कोरकू नाव लिहिलेला फलक एखाद्या केंद्रात दिसला तर त्यामागची वाट त्यांनी पाडलेली आहे, असे समजावे.

तेल्हाऱ्याहून सेमाडोह एका दिवसात जाऊन-येऊन करणे दगदगीचे आहे. तेथे मुक्काम करावा. एकच दिवस हाती असेल तर अकोट तालुक्यातील शहानूरचे प्रवेशद्वार जवळचे. तेथे नोंदणी करून नरनाळा किल्ल्यावर जाता येते, वाहनही वरपर्यंत जाते. नरनाळा अभयारण्य जेमतेम १२ चौरस किलोमीटरचे आहे. किल्ला समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच असून त्याच्या महाकाली दरवाजावरचा शिलालेख १४८७ सालचा आहे. तो बांधविणारा फतेहउल्ला इमादुल्मुल्क याने पुढे तीनच वर्षांत वऱ्हाडची इमादशाही स्थापली. दरवाजाची कोरीव कमळे व सज्जे पाहायला सकाळचे ऊन बरे. वाटेत अडगाव लागते, तेथेच २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्ली आणि नागपूरकर भोसले यांची लढाई झाली. त्यानंतर पंधरवड्यात गाविलगड पडला. पण देवगावच्या तहात नरनाळा व गाविलगड हे दोन्ही किल्ले भोसल्यांकडेच राहिले.

केंद्र पाहायला दुपारची वेळ उत्तम, कारण त्या वेळी जंगलात फारशी हालचाल नसते. घाई न करता तास-दीड तास द्यावा, स्थानिक वाटाड्याला बरोबर घ्यावे आणि फलकावर नसलेले त्याला विचारावे. बहुतेक वाटाडे आसपासच्याच गावांतले असतात. पावसाळ्यात कच्चे रस्ते बंद ठेवले जातात, म्हणून निघण्यापूर्वी वनखात्याच्या संकेतस्थळावर किंवा परतवाडा-अकोट येथील कार्यालयांत चौकशी करावी. सफारी व मुक्कामाचे आरक्षण आधीच करावे. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याची शक्यता अधिक, पण उकाडा सोसावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कुटुंबासह जाणाऱ्यांना सोयीचा. मेळघाटातील थंडीचा अंदाज मैदानातल्या माणसाला येत नाही, तेव्हा लोकरीचे कपडे ठेवावेत. परतताना घाट दिवेलागणीपूर्वी उतरावा; अंधारात गवे रस्त्यावर येतात आणि गाडीच्या दिव्यांना बुजत नाहीत.