जाहीरनामा आणि कौल : १९५७ च्या निवडणुकीतील विदर्भ

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, महागाव तालुक्यात, फुलसावंगी हे गाव आहे. त्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे रेणुकादेवीचे माहूर आहे. आज दोन्ही तीरांवर एकाच राज्याचा अंमल आहे. परंतु १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ही नदी दोन राज्यांची सीमा होती. अलीकडचे वऱ्हाड जुन्या मध्यप्रदेशात मोडत असे, तर पलीकडचा किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. ही सीमा भाषेने आखलेली नव्हती. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला, त्या व्यवहारातून ती निर्माण झाली होती. देवीच्या दर्शनाला जाणारा भाविक परराज्यात जात असे, पण परभाषेत जात नसे.

राज्यपुनर्रचनेने ही सीमा पुसली. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, १९५७ च्या प्रारंभी, सार्वत्रिक निवडणूक झाली. तीत निरनिराळ्या पक्षांनी विदर्भातील मतदारापुढे काय मांडले आणि त्याने दिलेल्या मताचा अर्थ पुढे कसा लावला गेला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. विदर्भाने महाराष्ट्रात यावे की स्वतंत्र राहावे, यासंबंधी मराठी पुढाऱ्यांत एकवाक्यता नव्हती. ऑगस्ट १९४७ च्या अकोला कराराने एका प्रांतात दोन उपप्रांत आणि त्यांची स्वतंत्र विधिमंडळे अशी योजना सुचविली होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने उपप्रांताची कल्पना सोडली; मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात निधी व नोकऱ्या, नागपुरास उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि दरवर्षी विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन अशी आश्वासने दिली. त्यानंतर १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनीही मराठी भाषकांची एकाहून अधिक राज्ये असावीत असा विचार मांडला. संसदेने मात्र १९५६ मध्ये आयोगाची शिफारस बाजूस सारून गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा आणि विदर्भ यांसह विशाल द्विभाषिक मुंबई राज्य निर्माण केले.

अशा परिस्थितीत निवडणूक आली. काँग्रेसच्या प्रचाराचा आधार दुसरी पंचवार्षिक योजना आणि समाजवादी धर्तीची समाजरचना हा होता. राज्यापुरते तिचे सांगणे एवढेच होते की, द्विभाषिक यशस्वी करून दाखवावे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीचा कार्यक्रम याच्या नेमका उलट, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, असा होता. समितीत प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ अशी परस्परभिन्न मतांची मंडळी एकत्र आली होती. त्यांना बांधणारा धागा एकच मागणीचा असल्यामुळे इतर प्रश्नांवर तपशीलवार बोलणे समितीला अवघड होते. गुजरातेत महागुजरात जनता परिषदेची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती.

आता विदर्भातील मतदाराच्या जागी उभे राहून पाहू. ज्याला स्वतंत्र विदर्भ हवा होता त्याच्यापुढे द्विभाषिकाचा पुरस्कार करणारी काँग्रेस होती आणि विदर्भ महाराष्ट्रात घेऊ पाहणारी समिती होती. या दोन प्रमुख बाजूंपैकी एकीकडेही त्याची मागणी नव्हती. पुसद परिसरातील मतदाराची गोष्ट आणखी गुंतागुंतीची होती. या भागात बंजारा तांडे पुष्कळ आहेत आणि कोलाम, आंध, गोंड यांचीही वस्ती जिल्ह्यात आहे. ज्याच्या घरात गोरमाटी, कोलामी किंवा गोंडी बोलली जाते त्याला ‘मराठी भाषकांचे एक राज्य’ ही घोषणा परकी वाटली असेलच असे नाही. पण ती त्याला उद्देशून तयार झाली होती असेही म्हणता येत नाही. राज्याची सीमा त्याच्या दृष्टीने केवळ भाषेची बाब नव्हती. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत गणला गेला, तर सीमेपलीकडच्या तेलंगणात तोच समाज १९७६ नंतर अनुसूचित जमातींत आला.

निवडणुकीत द्विभाषिकाच्या विधानसभेतील ३९६ जागांपैकी २३४ काँग्रेसला मिळाल्या. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत समितीने तिला जबर तडाखा दिला. विदर्भ आणि मराठवाडा यांनी मात्र तिला सावरले. पुसदहून गहुलीचे वसंतराव नाईक निवडून आले. ते स्वतः बंजारा समाजातले, १९५२ पासून या मतदारसंघाचे प्रतिनिधी आणि मुंबई मंत्रिमंडळातील मंत्री होते.

यशवंतराव चव्हाण यांचे सरकार टिकले. साहजिकच विदर्भाने द्विभाषिकास मान्यता दिली, असा अर्थ काढणे सत्तापक्षाला सोयीचे झाले. हा अर्थ कितपत टिकतो? पुसदच्या मतपेटीत पडलेले मत द्विभाषिकासाठी होते, नाईकांसाठी होते, शेती व सहकार यांविषयीच्या अपेक्षेतून आले होते, की केवळ समितीच्या विरोधात होते, हे त्या चिठ्ठीवरून ठरविण्यास मार्ग नाही. १९६० मध्ये द्विभाषिक मोडले आणि विदर्भ महाराष्ट्रात आला. तेव्हाही हा प्रश्न विदर्भातील मतदारांपुढे स्वतंत्रपणे ठेवला गेला नाही. त्यानंतरच्या १९६२ च्या निवडणुकीत वणीत जन्मलेले आणि स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते लोकनायक बापूजी अणे नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. पुसदने मात्र नाईकांनाच पुन्हा निवडले आणि पुढच्या वर्षी ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. एकाच प्रदेशाने एकाच वर्षी दिलेल्या या दोन कौलांतून विदर्भाचे एक मत कसे काढावे?

येथे गोव्याचे उदाहरण उद्बोधक ठरते. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि हाच विलीनीकरणाचा कौल आहे असा त्याचा दावा होता. केंद्राने तो प्रश्न निवडणुकीपासून वेगळा काढून १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेतला. १,७२,१९१ मते संघप्रदेश राहण्याच्या बाजूने आणि १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली. काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत गोमंतकीय मतदारांनी पुन्हा त्याच पक्षाला सत्तेवर बसविले. पक्ष मान्य आणि त्याच्या जाहीरनाम्यातील मुख्य कलम अमान्य, ही भूमिका मतदार घेऊ शकतो. मात्र ती व्यक्त करण्यासाठी त्याला दोन वेळा विचारावे लागते. विदर्भाला एकदाच विचारले गेले, आणि तेही अनेक प्रश्न एकत्र बांधून.

याचा परिणाम दूरगामी झाला. जाहीरनामे विसरले गेले. टिकले ते करार. नागपूरचे हिवाळी अधिवेशन नागपूर करारातून आले आहे, कोणत्याही जाहीरनाम्यातून नव्हे. पण करारही पुढाऱ्यांच्या सह्यांचा कागद होता. न्यायालयात त्याचे पालन मागता येत नव्हते. १९५६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (२) अन्वये विकास मंडळांची तरतूद केली, तरी मंडळे अस्तित्वात येण्यास १९९४ उजाडले. मध्यंतरी, १९८४ मध्ये, दांडेकर समितीने अनुशेषाचे आकडे समोर ठेवले होते. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

विभागलेल्या समाजात जाहीरनामा हा आपल्या बाजूच्या लोकांना एकत्र ठेवण्याचे साधन असतो. दुसऱ्या बाजूस काय द्यावयाचे, हे त्यात क्वचितच लिहिलेले असते. ते करारात लिहिले जाते, आणि करार मतदारापुढे मंजुरीसाठी येत नाही. म्हणून अभ्यासकाने १९५७ चा कौल वाचताना विजयी पक्षाच्या जागा मोजून थांबू नये. मतदाराला कोणता प्रश्न विचारलाच गेला नव्हता, तेही नोंदवावे. पैनगंगेवरची राज्यसीमा पुसण्याचा निर्णय बहुधा फुलसावंगीकरांना सोयीचाच झाला असेल. परंतु तो त्यांना विचारून झाला नव्हता, आणि इतिहासाने ही नोंद सोयीखाली झाकू नये.