पहिला कंठ कोणाचा?

सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. त्या लढ्यात स्वतः उतरलेल्यांत संगीतकार सुधीर फडके होते, आणि लढ्यास द्रव्य मिळावे म्हणून पुण्यात लता मंगेशकरांनी गायन केले होते, हे वाचकांस ठाऊक असेलच. मंगेशीच्या देवस्थानाचे नाव धारण करणाऱ्या घराण्याचे हे ऋण नगर हवेलीवर आहे. असो.

त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, १९५५ च्या रामनवमीस, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली फडक्यांच्या, गीते ५६. गायक मात्र अनेक: माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, स्वतः फडके आणि लताबाईही. पुढे फडक्यांनी ती सारी गीते एकट्याने गावोगाव गाइली, त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि लोकांच्या कानांत त्यांचाच स्वर कायमचा बसला.

दुसऱ्याने आधी गाइलेले गीत पुन्हा गाइले की त्यास हल्ली ‘कव्हर’ म्हणतात. मग माणिकबाईंनी प्रथम गाइलेले पद फडक्यांच्या मुखी आले, ते ‘कव्हर’ म्हणावे काय? मला तसे वाटत नाही; ज्याची चाल, तो ती गातो यात उसनवारी कसली? तुकोबांचा अभंग सहस्र मुखांनी गाइला जातो, तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत तर पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गीताचे नाव उघड छापीत. गीत एका कंठाशी जखडले गेले ते तबकडीमुळे. कायदाही तबकडीकडेच पाहतो: १९५७ च्या कायद्याने, मानधन देऊन, इतरांस तेच गीत नव्याने मुद्रित करण्याची मुभा दिली, २०१२ च्या दुरुस्तीने त्यासाठी पाच वर्षांची मुदत ठेवली आणि हे ‘कव्हर’ आहे असे वेष्टनावर स्पष्ट लिहिण्याचे बंधन घातले.

मात्र उत्सवात ते पद म्हणणारा गायक बहुधा ‘बाबूजींचे गीत’ एवढेच सांगतो, आणि माणिकबाईंचे नाव राहून जाते. वाल्मीकींचे काव्य प्रथम गाणाऱ्या लवकुशांची नावे मात्र आजही कोणी गाळीत नाही. गीतरामायणाचे पहिले गीतही त्यांच्याच गायनाचे आहे.