मेररची नोंदवही

गिझाचा मोठा पिरॅमिड माणसांनी बांधणं शक्यच नव्हतं, असं सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर हवे तेवढे मिळतात. मी इंजिनिअर, त्यामुळे आधी हिशोब मांडतो. सुमारे २३ लाख दगड, खुफू राजाच्या काळातली साधारण २० वर्षं, रोज दहा तास काम. म्हणजे दर दोन मिनिटांना एक दगड जागेवर बसायला हवा. एका टोळीला हे अशक्यच. पण अनेक टोळ्या एकाच वेळी राबत असतील, तर प्रश्न चमत्काराचा न राहता नियोजनाचा होतो.

दगड वर कसे चढवले, यावर मात्र एकमत नाही. दोन हजार वर्षांनंतर तिथे गेलेल्या हिरोडोटसने लाकडी यंत्रांचं वर्णन केलं. कुणी सरळ उतार मानतं, कुणी पिरॅमिडला वळसे घालत जाणारा. ज्याँ-पिएर उदँ हा फ्रेंच वास्तुविशारद म्हणतो, उतार पिरॅमिडच्या पोटातच होता. २०१८ मध्ये हत्नुबच्या खाणीत खुफूच्याच काळातला एक तीव्र उतार सापडला. दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांब रोवायची भोकं. हा पुरावा भक्कम आहे, पण तो खाणीतला; गिझाचा नव्हे.

मला या सगळ्यांपेक्षा मेरर जवळचा वाटतो. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी, वादी अल-जर्फ इथे पिएर ताले यांच्या चमूला पपायरसचे तुकडे मिळाले. त्यात या मुकादमाची रोजनिशी होती. हाताखाली साधारण ४० माणसं. तुराच्या खाणीतून चुनखडी होडीत भरायची, नाईल आणि कालव्यांतून गिझाला पोचवायची, परत फिरायचं. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. मुक्काम कुठे पडला, तेही लिहिलेलं.

उताराबद्दल त्यात काही नाही. पण या कामामागे किती माणसं, होड्या आणि हिशोब होते, ते दिसतं. गिझाजवळ मजुरांची वस्ती, तिथल्या भट्ट्या आणि त्यांची थडगीही सापडली आहेत. काहींच्या हाडांवर मोडून पुन्हा जुळल्याच्या खुणा आहेत; म्हणजे जखमींवर उपचार होत होते.

आमच्या धंद्यातही प्रॉडक्टवर नाव कंपनीचं असतं. कुणी काय केलं, ते लॉगमध्ये सापडतं. परग्रहवासीयांची गोष्ट रंजक असेल, पण ती या माणसांच्या हातातलं काम काढून घेते. खुफूची ममी आजवर मिळालेली नाही. मेररच्या फेऱ्यांचा हिशोब मिळाला आहे.