कारकुनीची वाट आणि कारखान्याची वाट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातल्या सुशिक्षित कुटुंबात मुलाच्या भवितव्याचा विचार निघाला, म्हणजे तो बहुधा मामलेदार कचेरी, दिवाणी अदालत किंवा पोस्टखाते यांच्या उंबरठ्यावर येऊन थांबत असे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि त्याच्या पदवीने सरकारी दप्तराचे दरवाजे उघडले. परंतु ऐरणीपुढे बसणारा लोहार आणि रंधा मारणारा सुतार हे मात्र पूर्वीप्रमाणेच बलुत्याच्या धान्यावर आणि गावाच्या मर्जीवर राहिले. अक्षर आणि हत्यार यांच्यामधली ही भिंत इंग्रजी अमलाने पाडली नाही; उलट कारकुनीला पगार व निवृत्तिवेतन जोडून ती अधिकच पक्की केली. पुण्यास १८५४ साली अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले ते सार्वजनिक बांधकामाच्या खात्याला कनिष्ठ अधिकारी हवे होते म्हणून, आणि मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली तिच्यामागे गिरण्यांना लागणाऱ्या कसबी माणसांची गरज मोठी होती. पुण्याच्या विद्यालयातून १८८३ साली बाहेर पडलेल्या विश्वेश्वरय्यांसारख्या पुरुषाने सरकारी चाकरीत राहूनही केवढे कर्तृत्व गाजविले हे सर्वश्रुत आहे. तरीही यंत्रविद्या शिकलेल्या माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर एखादी वस्तू घडवावी, ती बाजारात न्यावी आणि तिच्यावर दहा घरांचा संसार चालवावा, ही कल्पना त्या पिढीला परकीच होती.

ती कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेला हा मुलगा चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेला. पुढे काही रंग आपल्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आल्यावर त्याने रंग सोडले, परंतु रेषा सोडली नाही, आणि यंत्रांच्या आरेखनात प्रावीण्य मिळवून तो ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाला. तेथे केवळ फळ्यावर आकृत्या काढून त्यांचे समाधान झाले नाही. कार्यशाळेतील यंत्रे स्वतःच्या हाताने चालविणे आणि बिघडलेली उकलून पुन्हा जोडणे हाच त्यांचा खरा अभ्यास होता, आणि बढतीच्या प्रसंगी डावलले गेल्यावर नोकरीचा राजीनामा देण्याचे धैर्य त्यांना याच अभ्यासाने दिले असे मला वाटते. ज्याच्या हातात कसब आहे त्याला वरिष्ठाच्या मेहेरबानीची वाट पाहत बसावे लागत नाही, हा या व्यवसायाचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा लाभ होय.

बेळगावास थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले होतेच. त्यातूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ साली लोखंडी नांगर निघाला. या नांगराचा इतिहास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. लाकडी नांगराने काळी जमीन वरवर खरवडली जाते आणि हरळीची मुळे खाली तशीच राहतात, हे शेतकऱ्याला ठाऊक होते. परंतु लोखंडाने भुईत विष भिनते अशी समजूत त्याहून बळकट होती, आणि पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत कारखानदार निराश होऊन पुन्हा नोकरीकडे वळला नाही. शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून नांगर कसा चालतो हे पाहणे, बैलांना काय ओढवते, कोणता भाग आधी झिजतो आणि कोणता तुटतो याची चौकशी करणे, आणि कारखान्यात परतून त्यात दुरुस्ती करणे, हा त्याचा मार्ग होता. ज्ञान शेतातून कारखान्यात आणि कारखान्यातून पुन्हा शेतात जाते, हा अनुभव कचेरीच्या फाइलीत मिळण्यासारखा नव्हता.

बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करण्याचा हुकूम दिला, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि बिनव्याजी कर्ज देऊ केले. १० मार्च १९१० रोजी त्या निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी या वसाहतीचा आरंभ झाला. याच संस्थानाच्या आश्रयाने पुढे १९१६ साली ओगलेवाडीचा काचकारखाना उभा राहिला, ही गोष्ट त्या छोट्या संस्थानिकाच्या दूरदृष्टीची साक्ष म्हणून नमूद केली पाहिजे.

माळावर आलेली माणसे कोण होती हे पाहिले म्हणजे या व्यवसायाचे वेगळेपण लक्षात येते. शंभूअण्णा जांभेकर यंत्रांचे जाणकार होते. मंगेशराव रेगे हिशेबाची बाजू सांभाळीत. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यावर सोडली होती, आणि तेच पुढे कारखान्यातील कुशल यंत्रज्ञ ठरले. ज्याचे शिक्षण अर्धवट राहिले त्याच्या कल्पकतेला येथे काम मिळाले, कारण भट्टीपाशी प्रमाणपत्र कोणी मागत नाही. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे पूर्वी दरोडेखोर म्हणून कुप्रसिद्ध होते. लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी दिली आणि ती त्यांनी विश्वासाने पार पाडली. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला जाणार नाही, असा लक्ष्मणरावांचा निश्चय होता. ज्या काळात एका विहिरीवर पाणी भरण्याच्या प्रश्नावरून गावे दुभंगत होती, त्या काळात एकाच कामावर राबणाऱ्या हातांनी ही गोष्ट बरीच सोपी केली असली पाहिजे.

कारखान्यातील उमेदवारी म्हणजे नेमके काय शिकणे असते, हे ओतशाळेत घटकाभर उभे राहिल्यावाचून उमगत नाही. नांगराचा एखादा भाग ओतावयाचा तर प्रथम लाकडाचा फर्मा तयार करावा लागतो, आणि तो हव्या असलेल्या मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो, कारण बीड निवताना दर फुटामागे सुमारे अष्टमांश इंच आकसते. फर्म्याच्या बाजू किंचित तिरप्या ठेवल्या नाहीत तर तो बाहेर काढताना वाळूच्या कडा ढासळतात. पिढ्यान् पिढ्या दारे आणि गाड्यांची चाके घडविणाऱ्या सुताराचा हात येथे नव्या कामाला लागतो, आणि त्याला आकसण्याचा हिशेब तेवढा शिकावा लागतो. मग वाळू. ती मुठीत दाबली असता तिचा गोळा झाला पाहिजे आणि मोडताना धार स्वच्छ निघाली पाहिजे. पाणी अधिक झाले तर तापलेल्या धातूने वाफ होऊन अंगात पोकळ्या राहतात, आणि कमी झाले तर साचा ढासळतो. वायू निघून जाण्यासाठी तारेने बारीक छिद्रे पाडावयाची, दोन अर्ध्या पेट्या एकमेकींवर अचूक बसवावयाच्या, आणि क्युपोला भट्टीतून पिवळ्याजर्द प्रकाशाने उतरणारे बीड लांब दांड्याच्या पात्रातून न थबकता एका धारेत ओतावयाचे. हात मध्येच थांबला तर आधीचा थर निवतो आणि पुढचा त्याच्याशी एकजीव होत नाही. दुसऱ्या दिवशी पेटी फोडली म्हणजे ओतीव जसे असेल तसे समोर येते. तेथे साहेबाची मर्जी किंवा घराण्याची प्रतिष्ठा कामास येत नाही. दोष असला तर तो सर्वांना दिसतो, आणि तो कशाने आला याचा शोध ज्याने केला असेल तोच त्या कामाचा मिस्त्री होतो. माणसाच्या बुद्धीला इतके प्रामाणिक उत्तर देणारे व्यवसाय थोडेच आहेत.

हे काम सोपे नव्हते आणि आजही नाही. उन्हाळ्यात भट्टीसमोर उभे राहणे, ठिणग्या, धूळ आणि दिवसभराची अंगमेहनत यांचा मोबदला माणसाला मिळालाच पाहिजे. तो जेथे मिळत नाही तेथे उद्योगाची थोरवी सांगण्याचा कोणालाही अधिकार नाही. त्यात पहिल्या महायुद्धाने परदेशी कच्चे लोखंड आणि कोक दुर्मिळ केला, आणि माळावरच्या या कारखान्याला कोळशापासून धातूपर्यंत प्रत्येक वस्तूसाठी पर्याय शोधावा लागला. हा काळ ज्यांनी काढला त्यांची अडचणीतून वाट काढण्याची बुद्धी पुढील सर्व उपक्रमांना उपयोगी पडली.

वसाहतीची आखणी आणि घरांची व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले, जे पुढे मराठी वाङ्मयातील एक मोठे व्यासपीठ झाले. ओतशाळेच्या शेजारी छापखाना उभा राहिला, आणि वाचणारा मध्यमवर्ग व राबणारा कारागीर हे एकाच वस्तीचे नागरिक झाले. सुशिक्षित घरांतील मुलांना कारखान्यात जाण्यात कमीपणा वाटेनासा होण्यास या मासिकाने जेवढा हातभार लावला तेवढा कोणत्याही भाषणाने लावला नसेल. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ साली यंत्रविद्येची पदवी घेऊन आले, आणि सरकारी हुद्द्याच्या मागे न लागता ते किर्लोस्करवाडीच्या कामात शिरले. त्याच सुमारास तेथे केंद्रापसारी पंपाची निर्मिती सुरू झाली, मागोमाग तेलावर चालणारी इंजिने आली, आणि विहिरीवर मोट हाकणाऱ्या शेतकऱ्याच्या दिवसाचे कष्टच बदलले.

माझ्या दृष्टीने या इतिहासातील अत्यंत महत्त्वाची घटना मात्र १९४१ सालची आहे. त्या वर्षी म्हैसूर संस्थानात हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी स्थापन झाली आणि तेथे लेथ तयार होऊ लागले. लेथ हे यंत्रे घडविणारे यंत्र आहे. त्याच्यावाचून पंपाचा दांडा नीट गोल होत नाही, इंजिनाचे आटे पडत नाहीत, आणि ते परदेशातून आल्याखेरीज देशातील कोणताही कारखाना उभा राहत नसे. दुसऱ्या महायुद्धाने जहाजांची वाट रोखली असताना, चाळीस वर्षांपूर्वी ज्यांचे सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली त्या घराण्याच्या कारखान्यातून इतरांना कारखाने काढता येतील अशी साधने बाहेर पडू लागली. कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून पुण्याच्या खडकी-पिंपरीपर्यंत जे असंख्य लहानमोठे यंत्रकारखाने पुढे निघाले, त्यांच्या मालकांत पदवीधरांइतकेच लेथवर उमेदवारी करून वर आलेले सुतार, लोहार आणि शेतकऱ्यांचे मुलगे होते.