पाटी, पडदा आणि कौल : कोल्हापुरातील चित्रपट-प्रसिद्धीची वाटचाल

चित्रपटाची प्रसिद्धी आणि त्याविषयीचे प्रेक्षकांचे मत या दोन गोष्टींचा विचार बहुधा वेगवेगळा केला जातो. पहिली व्यवसायाचा भाग मानली जाते, तर दुसरी समीक्षेच्या किंवा लोकरुचीच्या खात्यात टाकली जाते. कोल्हापूरच्या चित्रसृष्टीचा इतिहास पाहिला, तर ही विभागणी फार काळ टिकत नाही. या शहरात चित्रपट घडवणारे हात आणि त्याची वार्ता लोकांपर्यंत नेणारे हात सुरुवातीला एकच होते, आणि त्या वार्तेला लोकांनी दिलेले उत्तर पुन्हा त्या हातांच्या कामाला वळण देत होते. कोकणात आणि त्याला लागून असलेल्या मुलखात देवाला कौल लावण्याची प्रथा आहे. मूर्तीला कळ्या किंवा पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा आणि उजवी पडते की डावी यावरून देवाचा होकार वा नकार ओळखायचा, असे तिचे स्वरूप आहे. चित्रपटाची जाहिरात म्हणजे असा प्रश्न विचारणे होय, आणि तिकीट काढून आत बसलेल्या माणसाचा कौल कोणत्या बाजूने पडेल हे जाहिरातदाराच्या हाती नसते, ही जाण कोल्हापूरच्या या व्यवसायात प्रारंभापासून दिसते.

या कसबाचे मूळ नाटकाच्या पडद्यांत आहे. आनंदराव पेंटर आणि त्यांचे चुलतबंधू बाबूराव मेस्त्री, म्हणजेच पुढे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) या नावाने प्रसिद्ध झालेले कलावंत, हे नामवंत नाटक मंडळ्यांसाठी राजवाडे, अरण्ये, नगरमार्ग यांचे भव्य पडदे रंगवीत असत. नाटकाचा पडदा हा केवळ देखाव्याचा भाग नव्हता. तो उघडताच थिएटरात जी दाद उठे, ती पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच चित्रकाराला मिळालेली पावती असे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे नाटक, गायन, कुस्ती आणि चित्रकला या चारही गोष्टी शहराच्या रोजच्या जीवनाचा भाग झाल्या होत्या. १९१५ मध्ये उभे राहिलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, आणि त्याला लागूनच असलेले खासबाग मैदान यांचा शेजार या दृष्टीने बोलका आहे. कुस्ती पाहताना मोकळेपणाने दाद देणारा आणि तितक्याच मोकळेपणाने नापसंती दाखवणारा प्रेक्षक नाटकाला येई, आणि पुढे तोच चित्रपटालाही येऊ लागला.

दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ने पेंटर बंधूंना चलच्चित्राचा ध्यास लागला. आनंदरावांचे १९१६ मध्ये निधन झाल्यावर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला आणि तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. तिचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. त्यातील कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटे की तो शासकीय परीक्षणाच्या कात्रीत सापडला. याच कथेवरील कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकावर ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती, हे ठाऊक असलेला प्रेक्षक या चित्रपटाकडे केवळ पौराणिक आख्यान म्हणून पाहत असेल, असे मानता येत नाही. लोकमान्य टिळकांनी ‘सैरंध्री’ पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली आणि ती त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. एका थोर प्रेक्षकाचे मत हीच कंपनीची सर्वांत मोठी जाहिरात झाली.

यापुढे बाबूरावांनी प्रसिद्धीच्या साधनांकडे जे लक्ष दिले, त्याला भारतीय चित्रपटाच्या इतिहासात आरंभाचे स्थान आहे. चित्रपटाची कथा, त्यातील कलावंतांची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या छापील पुस्तिका काढणाऱ्यांत ते अग्रणी होते, आणि आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत. भित्तिपत्रक म्हणजे भिंतीवर चिकटवण्याचे मोठे छापील चित्र. त्यापूर्वी चित्रपटाची जाहिरात मुख्यतः अक्षरांची असे, म्हणजे नाव, स्थळ, वेळ आणि तिकिटाचा दर एवढाच मजकूर हस्तपत्रकावर छापलेला असे. ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या चित्रपटाचे बाबूरावांनी केलेले चित्र हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्र-भित्तिपत्रकांत गणले जाते. बाबूराव चित्रीकरणापूर्वी पात्रांचे पोशाख, हालचाली आणि दृश्यांची मांडणी यांची रेखाटने करीत, त्यामुळे भित्तिपत्रकावरचे चित्र आणि पडद्यावरचे दृश्य एकाच कल्पनेतून उतरत असे. प्रेक्षकाला भिंतीवर जे वचन दिले ते थिएटरात पाळले जाई, आणि या सचोटीमुळेच त्या काळातील प्रसिद्धीला विश्वास लाभला.

तरीही वचन पाळले म्हणजे कौल अनुकूल पडतोच असे नाही, हे याच कंपनीच्या दोन चित्रपटांनी दाखवून दिले. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेल्या ‘सिंहगड’साठी (१९२३) कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करून रात्रीची दृश्ये चित्रित करण्यात आली. मुंबईत या चित्रपटाला एवढी गर्दी लोटली की ती पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे चित्रपटेतिहासात सांगितले जाते. याउलट ‘सावकारी पाश’ (१९२५) या चित्रपटात सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची कथा होती. तिन्हीसांजेच्या अंधुक प्रकाशातील झोपडी आणि तिच्याजवळ विव्हळणारे कुत्रे हे त्यातील दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिले. तरी पौराणिक चमत्कार आणि ऐतिहासिक पराक्रम यांना सरावलेल्या प्रेक्षकांनी त्या वेळी त्याला आपलेसे केले नाही आणि कंपनीला पुन्हा जुन्या विषयांकडे वळावे लागले. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आद्य नमुना म्हणून त्याला मिळालेली मान्यता ही नंतरच्या पिढ्यांची आहे. म्हणजेच कौल कधी कधी फार उशिरा पडतो, आणि तो पडेपर्यंत कलाकृती घडवणारी संस्था टिकून राहतेच असे नाही.

भित्तिपत्रकाच्या पलीकडे गावोगावी जी जाहिरात होई, ती चालतीबोलती असे. टांग्याला दोन्ही बाजूंनी रंगीत पाट्या बांधायच्या, पुढे ताशा किंवा बँड, आत बसलेला माणूस कर्ण्यातून चित्रपटाचे नाव पुकारणार आणि मागे धावणाऱ्या मुलांच्या हाती हँडबिले पडणार, ही मिरवणूक दक्षिण महाराष्ट्रातील बाजारपेठांत अनेक दशके परिचयाची होती. चित्रपटगृहाच्या दर्शनी भागावर लागणारा बॅनर, म्हणजे कापडावर रंगवलेले अवाढव्य चित्र, ही या परंपरेची मोठी शाखा होती. तो तयार करण्याची रीत शिस्तबद्ध असे. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून बसवायचा, त्यावर सरस आणि सफेद्याचा हात देऊन तो वाळू द्यायचा, मूळ छायाचित्रावर बारीक चौकडी आखायची आणि तीच चौकडी रंगीत सुताचे फटकारे मारून कापडावर मोठी करून घ्यायची. मग एकेका घरातला नाकाचा, डोळ्याचा, ओठांचा भाग त्याच्या प्रमाणात उतरवायचा आणि जवसाच्या तेलात कालवलेल्या रंगांनी रुंद कुंचल्याने चेहरा उभा करायचा. जवळून पाहता जे निळे-तांबडे फराटे वाटत, ते रस्त्यापलीकडे गेल्यावर गालावरची सावली आणि डोळ्यांतले पाणी होत असत. आठवडे संपले की तेच कापड पुन्हा पांढरे करून त्यावर नवा चित्रपट रंगवला जाई, त्यामुळे या कलेचे बहुतेक नमुने कारागिरांच्याच हातांनी पुसले गेले.

१ जून १९२९ रोजी महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर या चौघांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. तुतारी फुंकणारी स्त्री हे तिचे बोधचिन्ह. चित्रपट बोलू लागल्यावर त्या चिन्हाला तुतारीच्या नादाचीही जोड मिळाली आणि संस्थेची ओळख डोळ्यांबरोबर कानांतही ठसली. आज ज्याला नाममुद्रा म्हणतात, त्याचे मराठीतील इतके यशस्वी उदाहरण त्या काळात दुसरे क्वचितच सापडेल. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली, तरी चित्रकारांचा ओघ कोल्हापुरातूनच वाहत राहिला. कोल्हापुरात १९१८ मध्ये जन्मलेले जी. कांबळे हे पुढे शांतारामांच्या चित्रपटांचे आणि ‘मुघल-ए-आझम’चेही प्रसिद्धी-चित्रकार म्हणून नावारूपाला आले. शासनाने मान्य केलेली छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमाही त्यांच्याच कुंचल्यातून उतरली. बॅनर रंगवणाऱ्या हाताने महाराष्ट्राच्या घराघरांत आणि कचेऱ्यांत लागणारी प्रतिमा घडवावी, यातच या कसबाची योग्यता सिद्ध होते.

प्रेक्षकांच्या मताचा प्रश्न विनोदी चित्रपटांनी अधिक तीव्र केला. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये कोल्हापुरात स्थापन केलेल्या हंस पिक्चर्सला आचार्य अत्रे यांच्या लेखणीची साथ मिळाली. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटाने ब्रह्मचर्याच्या दिखाऊ व्रतावर प्रहार केला, आणि त्यातील पोहण्याच्या पोशाखातील मीनाक्षी शिरोडकरांच्या गाण्याने मराठी समाजात वादळ उठवले. सभ्यतेच्या नावाने झालेल्या टीकेचा परिणाम उलटाच झाला. टीका वाचून आलेला माणूस हसत बाहेर पडला, दुसऱ्याला सांगू लागला, आणि चित्रपट महिनोन्‌महिने चालला. पुढच्याच वर्षीच्या ‘ब्रँडीची बाटली’ने कचेरीतला सामान्य माणूस विनोदाच्या केंद्रस्थानी आणला. दामुअण्णा मालवणकरांनी रंगवलेला नगरपालिकेतील भोळा कारकून बगाराम, ब्रँडी म्हणजे काय हेही ठाऊक नसताना, औषधासाठी तिची बाटली शोधत वणवण करतो. मुंबई प्रांतात १९३९ मध्येच दारूबंदीचे धोरण अमलात येत होते. त्यामुळे सरकारी हुकूम, वरिष्ठांची मर्जी आणि कारकुनाची निष्ठा यांच्या कात्रीत सापडलेला बगाराम प्रेक्षकांना परका वाटण्याचे कारण नव्हते. कचेरीच्या जीवनावरील मराठी विनोदी चित्रपटाचा हा एक महत्त्वाचा आरंभबिंदू मानावा लागतो. ज्या विनोदात प्रेक्षक स्वतःला ओळखतो, त्याची जाहिरात तो स्वतःच करतो, हे सूत्रही त्यातून हाती लागते.

या सूत्राची मोठी प्रचीती १९५९ मध्ये आली. कोल्हापूरचे अनंत माने यांनी दिग्दर्शित केलेला तमाशाप्रधान ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट पुण्यात सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. इतका दीर्घ मुक्काम कोणत्याही भित्तिपत्रकाच्या बळावर होत नसतो. एकाने पाहिले, दुसऱ्याला सांगितले, आणि ऐकणाऱ्याने खात्री करून घेऊन तिसऱ्याला सांगितले, ही कर्णोपकर्णी जाणारी प्रसिद्धी चित्रपटाच्या नावातच सामावलेली होती.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील दोन-तीन दशकांत करमणूक घरात आली. प्रेक्षक थिएटरातून उठून बैठकीच्या खोलीत बसला, शिट्टी आणि टाळी यांच्या जागी वाहिनी बदलण्याची कळ आली, आणि पसंती-नापसंती मोजण्याचे काम यंत्राकडे गेले. याच सुमारास संगणकावर छापलेल्या फ्लेक्सने कुंचल्याचे बॅनर हटवले आणि कोल्हापुरातील अनेक पेंटरांना पाट्या, वाहनांचे क्रमांक किंवा मूर्तिकाम यांकडे वळावे लागले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमाने तर प्रसिद्धीलाच विनोदाचे रूप दिले. नव्या चित्रपटाचे कलावंत थुकरटवाडी या कल्पित गावात पाहुणे म्हणून यायचे, त्यांच्या चित्रपटाची थट्टा व्हायची, आणि त्या थट्टेतूनच जाहिरात साधायची. टांग्यावरच्या कर्ण्याचे काम आता प्रहसनाने स्वीकारले होते.

साधने बदलली तरी या व्यवसायाचा गाभा बदललेला नाही. प्रसिद्धीचे सामर्थ्य माणसाला दारापर्यंत आणण्यापुरतेच असते. दारातून बाहेर पडताना तो जे बोलतो, त्यावर कलाकृतीचे आयुष्य ठरते. ‘सिनेमा केसरी’ ही पदवी, ‘सावकारी पाश’ची उपेक्षा आणि ‘ब्रह्मचारी’वरचे वादळ ही त्याच सत्याची तीन रूपे आहेत. कोल्हापूरच्या पहिल्या पिढीने हे सत्य जाणून आपल्या चित्रांत अतिशयोक्तीपेक्षा सच्चेपणाला स्थान दिले. पुसलेल्या बॅनरांचे कापड परत मिळणार नाही. पण जी भित्तिपत्रके, पुस्तिका आणि हँडबिले जुन्या घरांच्या माळ्यांवर व छापखान्यांच्या गठ्ठ्यांत अजून शिल्लक असतील, ती जपणे हे चित्रपटांच्या प्रती जपण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण लोकांना विचारलेला प्रश्न त्यांवरच लिहिलेला आहे, आणि प्रश्न हरवला तर मिळालेल्या कौलाचा अर्थही उमगत नाही.